रात्रीचा फोन कोण उचलतं?

माझ्या पांढऱ्या कोटावर पहिली पाच वर्षं माझं नाव नव्हतं. खिशावर लाल दोऱ्याने 'आरएमओ' (निवासी वैद्यकीय अधिकारी) एवढंच भरलेलं होतं. दिवसपाळीची मुलगी जाताना तो कोट खुंटीला अडकवायची आणि रात्री आठला मी तोच अंगात घालायची. समोर आलेल्या माणसाला त्या अक्षरांचा अर्थ माहीत नसायचा. त्याच्या लेखी कोट घातलेली बाई म्हणजे डॉक्टर, आणि डॉक्टर म्हणजे ज्याला सगळं कळतं असा माणूस.

मी शाहपूरची. मध्य प्रदेशातल्या बुऱ्हाणपूरहून इच्छापूरमार्गे महाराष्ट्रात जाणाऱ्या रस्त्यावरचं हे गाव. घरात मराठी, शाळेत हिंदी, आणि दवाखान्यात जो येईल त्याची भाषा. बुऱ्हाणपूरच्या पंडित शिवनाथ शास्त्री शासकीय आयुर्वेद महाविद्यालयातून मी बीएएमएस झाले आणि 2013 मध्ये शहरातल्या एका खासगी रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत रात्रपाळीला लागले. माझ्याबरोबरचे बरेच जण असेच लागले. कुणी खंडव्याला, कुणी इंदूरला, कुणी हद्द ओलांडून रावेर-भुसावळकडे. या सगळ्या टापूत खासगी रुग्णालयांची रात्र बीएएमएस, बीएचएमएस, बीयूएमएस झालेल्या मुलामुलींच्या भरवशावर चालते. सगळ्यांना ते ठाऊक असतं. कागदावर मात्र ते क्वचितच दिसतं.

तीन खाटा, एक ईसीजी मशीन, एक सक्शन, ऑक्सिजनचे दोन सिलिंडर, एक सिस्टर, एक वॉर्डबॉय आणि मी, एवढी आमची कॅज्युअल्टी. यंत्रमागात बोटं सापडलेला कारागीर येई. केळीच्या बागेत फवारणी करून तोंडाला फेस आलेला मजूर येई. इंदूर-इच्छापूर रस्त्यावरचे अपघात येत, आणि उन्हाळ्यात उलट्या-जुलाबांनी पार वाळलेली लेकरं. मोठे डॉक्टर घरी असत, फोनवर. रुजू झाले त्या रात्री मला कामाचे नियम सांगण्यात आले ते दोनच वाक्यांत : पेशंट सोडायचा नाही, आणि सरांना उगाच उठवायचं नाही.

'उगाच' म्हणजे काय, हे कुणी सांगितलं नाही. पुढची पाच वर्षं मी त्या एका शब्दाचा अर्थ शोधत होते.

2016 च्या डिसेंबरातली रात्र. पावणेदोनला एक कारागीर स्वतः चालत आला. वय पन्नाशीच्या आत. "मॅडम, गॅस हो गई है. इंजेक्शन लगा दो, सुबह लूम पे जाना है." संध्याकाळी लग्नाचं जेवण झालेलं, छातीत जळजळ. बोलता बोलता तो डावा खांदा चोळत होता. मी त्याच्या कपाळाकडे पाहिलं. डिसेंबरातल्या त्या थंडीत तिथे घाम होता. मला तो दिसला, आणि जिना चढून आलाय म्हणून असेल, असं मी स्वतःला समजावलं. हे वाक्य लिहिताना आजही हात थांबतो.

ईसीजी काढला. मला त्यात काही वावगं दिसलं नाही. फोटो काढून सरांना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला. दोन राखाडी खुणा आल्या, त्या निळ्या झाल्या नाहीत. फोन हातात होता. महिनाभरापूर्वी अशाच एका केससाठी मी रात्री तीनला सरांना उठवलं होतं, ती ॲसिडिटीच निघाली होती, आणि सकाळी राउंडला सगळ्यांसमोर मला त्याबद्दल ऐकून घ्यावं लागलं होतं. ते आठवलं. मी फोन केला नाही. पँटोप्राझोलचं इंजेक्शन दिलं. अर्ध्या तासाने तो म्हणाला, बरं वाटतंय. पैसे भरले आणि गेला.

सकाळी सहा वाजून वीस मिनिटांनी त्याला रिक्षातून उचलून आणलं. चेहरा राखेसारखा, नाडी मंद. या वेळच्या ईसीजीत दोन, तीन आणि एव्हीएफ या तिन्ही लीडमध्ये रेघा उभ्या उठल्या होत्या. हृदयाच्या खालच्या भागाचा झटका. तो ओळखायला मोठ्या डॉक्टरांची गरज नव्हती. सर पंधरा मिनिटांत आले, स्ट्रेप्टोकायनेजचे 15 लाख युनिट चालू केले, मग त्याला इंदूरला पाठवलं. माणूस वाचला. पण गुठळी विरघळवणारं औषध जितकं लवकर जाईल तितका हृदयाचा स्नायू वाचतो, आणि आम्ही साडेचार तास घालवले होते. तो पुन्हा लूमवर उभा राहिला नाही. दोनेक वर्षांनी बुऱ्हाणपुरात शनवाऱ्याजवळ एका दुकानात खुर्चीवर बसून हिशेब लिहिताना मला दिसला. त्याने सलाम केला. मला तो सलाम घेता आला नाही.

सरांनी त्या सकाळी एकच विचारलं, "फोन का केला नाहीस?" प्रश्न बरोबर होता. माझ्याकडे उत्तर होतं, पण ते तोंडातून निघालं नाही. चूक माझी होती, ती मी कुणावर ढकलत नाही. घाम दिसूनही मी स्वतःची समजूत काढली, आणि पहिला ईसीजी साधा आला तरी दुखणं असेल तर पंधरा ते तीस मिनिटांनी पुन्हा काढायचा असतो, हे मला पक्कं ठाऊक नव्हतं. पण त्या रात्री भिंतीवर एक कागद असता, त्यावर 'छातीत दुखणं, चाळिशीपुढचा पेशंट : ईसीजी, अर्ध्या तासात पुन्हा ईसीजी, आणि वरिष्ठांना फोन केल्याशिवाय घरी सोडायचं नाही' एवढं लिहिलेलं असतं, तर मला कुणाची भीती बाळगावी लागली नसती. फोन मी केला नसता, त्या कागदाने करायला लावला असता. झोपमोडीचा दोषही कागदाकडेच गेला असता.

देखरेख म्हटलं की आपल्याकडे लोकांना चौकीदारी वाटते, कुणीतरी चूक पकडायला बसलंय असं वाटतं. त्या सकाळपासून मला देखरेखीचा अर्थ दुसराच वाटतो. माझी हद्द कुठे संपते ते मला आधी सांगितलेलं असणं, आणि तिच्या पलीकडे जो उभा आहे त्याने हाक मारली की ओ देणं.

पुढे मी वाचायला लागले. आपण ज्या जागेवर उभे आहोत तिला कायद्यात नाव तरी आहे का, हे मला पाहायचं होतं. औषधं व सौंदर्यप्रसाधनं नियम 1945 मधल्या 2(ईई) या नियमाखाली आधुनिक औषधं कुणी लिहायची हे ठरवण्याची मोकळीक राज्यांना आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाने 1998 च्या मुख्तियार चंद खटल्यात ती मान्य केली. त्याच न्यायालयाने त्याआधी, 1996 मध्ये, पूनम वर्मा विरुद्ध अश्विन पटेल या मुंबईतून गेलेल्या खटल्यात, होमिओपॅथीची पदवी घेऊन ॲलोपॅथीची औषधं देणं हाच निष्काळजीपणा आहे, असं स्पष्ट सांगितलं होतं. एका तापाच्या रुग्णाचा त्यात जीव गेला होता. महाराष्ट्राने 2014 मध्ये होमिओपॅथांसाठी औषधशास्त्राच्या एक वर्षाच्या अभ्यासक्रमाची वाट काढली. त्याविरुद्ध डॉक्टरांच्या संघटना न्यायालयात गेल्या. म्हणजे इच्छापूरच्या देवीला हात जोडून पुढे गेलं की तोच माणूस, तीच पदवी, तोच रोगी, पण नियम वेगळा. आम्ही हद्दीवरचे लोक. हे आम्हाला चटकन कळतं.

हा वाद आजचा नाही. 1946 च्या भोर समितीपुढेही हाच प्रश्न होता. तेव्हा खेड्यापाड्यांतून एलएमपी डॉक्टर होते, कमी वर्षांचं शिक्षण घेतलेले. समितीने एकाच प्रतीचा, पूर्ण शिकलेला डॉक्टर घडवायचं ठरवलं आणि तो वर्ग बंद करण्याची शिफारस केली. काही सदस्यांनी तिथेच वेगळं मत नोंदवलं. त्यानंतर जी जागा मोकळी राहिली ती रिकामी कधीच नव्हती. ती कुणीतरी भरतच होतं, फक्त नियमाशिवाय. छत्तीसगडने 2001 मध्ये तीन वर्षांचा अभ्यासक्रम काढला, त्यातून ग्रामीण वैद्यकीय सहायक आले. आसामने 2004 मध्ये अशाच अभ्यासक्रमासाठी कायदा केला; तो 2014 मध्ये गुवाहाटी उच्च न्यायालयाने रद्द केला आणि जानेवारी 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तो निकाल कायम ठेवला. 2019 च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्यातल्या 32 व्या कलमात मर्यादित परवान्याचा 'सामुदायिक आरोग्य सेवादाता' आला, आणि देशभर डॉक्टर रस्त्यावर उतरले. त्या कलमातलं एक वाक्य मात्र मला फार शहाणपणाचं वाटतं : प्राथमिक आणि प्रतिबंधक उपचारांत ठरावीक औषधं स्वतः द्यावीत, त्यापलीकडे नोंदणीकृत डॉक्टरच्या देखरेखीखालीच. हद्द आहे, आणि हद्दीच्या पलीकडे माणूसही आहे. ते वाक्य रात्री दोन वाजता कसं पाळायचं, हे मात्र कुणीतरी बसून लिहावं लागतं.

चेन्नईच्या मद्रास मेडिकल मिशनमध्ये 1992 मध्ये डॉ. के. एम. चेरियन यांनी फिजिशियन असिस्टंटचा अभ्यासक्रम सुरू केला. हृदयशस्त्रक्रियेच्या विभागात सर्जनच्या हाताखाली काम करणारी ही माणसं. 2021 च्या संलग्न आरोग्य व्यवसायांच्या राष्ट्रीय आयोग कायद्यात 'फिजिशियन असोसिएट' हे नाव अधिकृतपणे आलं. तिकडे ब्रिटनमध्ये याच नावावरून मोठं वादळ उठलं. 2022 मध्ये तीस वर्षांची एक तरुणी पोटरी दुखते, धाप लागते म्हणून एकाच दवाखान्यात दोनदा गेली. दोन्ही वेळा तिला फिजिशियन असोसिएटने तपासलं. पायातली गुठळी फुप्फुसात गेली आणि ती वारली. आपल्याला तपासणारी व्यक्ती डॉक्टर नाही, हे तिला शेवटपर्यंत ठाऊक नव्हतं. प्रा. गिलियन लेंग यांच्या समीक्षेने जुलै 2025 मध्ये सांगितलं की नाव 'असिस्टंट' ठेवा, वेश आणि बिल्ला वेगळा ठेवा, प्रत्येकावर नाव घेऊन एक डॉक्टर नेमा, आणि ज्याचं दुखणं कशाचं आहे हेच अजून ठरलेलं नाही असा रुग्ण थेट त्यांच्यापुढे पाठवू नका, ठरलेल्या कार्यपद्धतीत बसत असेल तेवढाच पाठवा. हे वाचताना मला माझा तो खुंटीवरचा कोट आठवला. ज्याचं दुखणं कशाचं ते ठरलेलं नाही, असा माणूस म्हणजेच तर कॅज्युअल्टीत रात्री येणारा प्रत्येक माणूस.

2019 मध्ये मी ती नोकरी सोडली, सहा महिन्यांचा सामुदायिक आरोग्याचा सर्टिफिकेट कोर्स केला आणि सीएचओ झाले, म्हणजे सामुदायिक आरोग्य अधिकारी. खकनार तालुक्यातलं एक उपकेंद्र मिळालं. या केंद्रांना तेव्हा 'हेल्थ अँड वेलनेस सेंटर' म्हणत. 2023 पासून 'आयुष्मान आरोग्य मंदिर' म्हणतात. सपाटीला पाच हजार लोकसंख्येमागे आणि आदिवासी भागात तीन हजारांमागे एक केंद्र, आणि प्राथमिक आरोग्य केंद्राचा मेडिकल ऑफिसर हा आमचा देखरेख अधिकारी, अशी ही रचना. रक्तदाबाचं आणि साखरेचं निदान डॉक्टरांनी करायचं, पहिली चिठ्ठी त्यांची. महिन्याच्या गोळ्या द्यायच्या, बीपी बघायचं, बिघडलं तर परत पाठवायचं, हे माझं काम.

आमचे मेडिकल ऑफिसर बाँडवर आलेले, मुलताईकडचे, मराठी बोलणारे. माझ्याहून नऊ वर्षांनी लहान. ते मला ताई म्हणत, मी त्यांना सर म्हणे. पहिल्या भेटीत त्यांनी मला चहा सांगितला आणि विचारलं, "ताई, तुम्हाला काय येतं ते नंतर सांगा. काय येत नाही ते आधी सांगा." इतक्या वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं. मी खरं ते सांगितलं : ईसीजी कच्चा आहे, लहान मुलांचे डोस मला पुस्तकात पाहावे लागतात, आणि सापाची केस एकटीने कधी हाताळलेली नाही.

त्यांनी वहीचा कागद फाडून तीन रकाने आखले. पहिला : स्वतः करा. दुसरा : करा आणि मला कळवा. तिसरा : हात लावायच्या आधी मला फोन. जखमेची पट्टी, ओआरएस, साधा ताप पहिल्यात. दम्याला नेब्युलायझर दुसऱ्यात. छातीत दुखणं, शुद्ध हरपणं, दोन महिन्यांच्या आतलं दूध न ओढणारं बाळ, गरोदर बाईचं डोकं दुखून डोळ्यांपुढे अंधारी येणं, विष, साप, ही सगळी तिसऱ्यात. तिसऱ्या रकान्याखाली त्यांचा नंबर, त्याखाली ते नसतील तेव्हाचा नंबर, त्याखाली जिल्हा रुग्णालय आणि 108. आणि शेवटी त्यांच्या हातची एक ओळ : 'उगाच फोन असं काही नसतं.' त्यांना माझी जुनी गोष्ट ठाऊक नव्हती. मी तो कागद घेऊन बाहेर आले आणि व्हरांड्यात जरा वेळ उभी राहिले.

2021 च्या जुलैत, पाऊस लागलेला असताना, सकाळी सातला एक कोरकू आजोबा नऊ वर्षांच्या नातवाला खांद्यावर घेऊन आले. त्यांचा ढाना, म्हणजे पाडा, तीन किलोमीटरवर. आशाताई मध्ये बोलत होत्या : पहाटेपासून पोट दुखतंय, घसा दुखतोय म्हणतो. पोट मऊ, ताप नाही, उलटी एकदा. पोटदुखीसाठी डायसायक्लोमिनचं इंजेक्शन मी भरलंसुद्धा. ते ट्रेमध्ये ठेवलं आणि पोराचा चेहरा पाहिला. त्याच्या पापण्या अर्ध्या मिटलेल्या होत्या. झोप झाली नसेल, असं मनात आलं. त्याच क्षणी डिसेंबरातला तो घाम आठवला. पुन्हा तीच चूक मी करायला निघाले होते, दिसलेल्या खुणेची समजूत काढण्याची.

फोन केला. दुसऱ्या रिंगला सर बोलले. त्यांनी तीन गोष्टी विचारल्या. "रात्री कुठे झोपला होता?" जमिनीवर. "वर बघ म्हटलं तर पापण्या उचलतो का?" नाही, कपाळाला आठ्या पडतात, पापणी उठत नाही. "एका श्वासात आकडे मोजायला सांगा." आशाताईंनी कोरकूत सांगितलं, पोराने त्याच्या भाषेत मोजायला सुरुवात केली आणि सातवर थांबला. क्षणभर शांतता. मग सर म्हणाले, "मण्यार आहे ताई. ते इंजेक्शन बाजूला ठेवा. चावा शोधत बसू नका, सापडायचा नाही. 108 ला मी सांगतो, तुम्ही त्याच्याबरोबर बसा. कुशीवर ठेवा, तोंडात काही देऊ नका. मी प्रतिसर्प लस काढून ठेवतो."

मण्यार रात्री अंथरुणात चावते. बहुतेकदा दुखत नाही, सूज येत नाही, खूणही दिसत नाही. पहाटे पोट दुखतं, मग पापण्या पडतात, मग घसा, मग श्वास. हे मी पुस्तकात वाचलेलं होतं. पण वाचलेलं आणि समोरच्या पोराच्या चेहऱ्यावरचं, यांची गाठ घालून द्यायला त्या क्षणी दुसरं डोकं लागलं. आरोग्य केंद्रात दहा कुप्या लस चालू झाली. जिल्हा रुग्णालयाच्या वाटेवर श्वास उथळ झाला, तेव्हा 108 च्या तंत्रज्ञाने आणि मी आळीपाळीने अँबू बॅग दाबली. सर पुढच्या सीटवरून मागे तोंड करून बसले होते, मोजत होते. आजोबा एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होते. आशाताई नव्हत्या, त्यामुळे मला ते कळलं नाही. पोर तीन दिवस व्हेंटिलेटरवर होतं. नवव्या दिवशी घरी गेलं.

उपकेंद्रात परतले तेव्हा ते भरलेलं इंजेक्शन ट्रेमध्ये तसंच पडलेलं होतं. मी ते टाकून दिलं. पाच वर्षांपूर्वी असंच एक इंजेक्शन मी टोचलं होतं. दोन्ही वेळा मी तीच होते, ज्ञान थोडंफार तेवढंच. या वेळी फरक एवढाच होता की फोन करायची मला भीती वाटली नाही आणि तो उचलला गेला.

असं काम फोनवरच भागत नाही. दर शुक्रवारी सर माझी नोंदवही मागत. त्यातल्या दहा नोंदी स्वतः निवडत, लाल पेनाने बाजूला लिहीत. 'बीपी दोनदा घेतलं का?' 'हे बाळ परत कधी बोलावलं?' कुठे बरोबर असेल तर तेही लिहीत. कुणाला नुसतंच रेफर करून हात झटकले असतील तर त्यावरही खूण पडे. कारण बुऱ्हाणपूरहून खंडव्याला जाणं म्हणजे सत्तर किलोमीटर, मजुराचा दिवस बुडाला, भाड्याचे पैसे गेले, आणि मूळ दुखणं घरच्या घरी बरं होणारं असेल तर ती जबाबदारीही आपलीच. वर्षभरात माझे फोन वाढले आणि विनाकारण पाठवलेले रुग्ण कमी झाले. आधी मला वाटायचं, या दोन गोष्टी एकमेकींच्या उलट आहेत.

हे सगळं मोठ्या प्रमाणावर करून दाखवणारे आपल्याच भाषेत बोलणारे लोक आहेत. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च'ने 39 गावांत थोडं शिकलेल्या बायांना आरोग्यदूत केलं आणि नवजात बाळाच्या जंतुसंसर्गावर जेंटामायसिनचं इंजेक्शन द्यायला शिकवलं. 1999 मध्ये लॅन्सेटमध्ये जे छापून आलं ते जगाने वाचलं : नवजात मृत्यू 62 टक्क्यांनी घटले. लोक इंजेक्शनची गोष्ट सांगतात. मला त्यातली दुसरी गोष्ट मोलाची वाटते. कोणत्या खुणा दिसल्या की इंजेक्शन, किती, किती दिवस, कधी नाही, हे लिहिलेलं होतं, आणि नोंदी तपासायला देखरेख करणारे नियमाने गावात येत. पुढे शासनानेही हीच वाट धरली. आज उपकेंद्राची एएनएम झटके आलेल्या बाळंतिणीला मॅग्नेशियम सल्फेटचा पहिला डोस देऊन पुढे पाठवू शकते. पहिला डोस आणि मग रवानगी. तिची हद्द नेमकी आहे, म्हणूनच तिचा हात थरथरत नाही.

आणि नियम काही आकाशातून पडत नाहीत. महाडजवळ बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉ. हिंमतराव बावस्कर विंचू चावलेल्या रुग्णांशेजारी रात्ररात्र बसले, निरीक्षणं लिहून ठेवली, म्हणून आज विंचूदंशाला प्राझोसिनची गोळी खेड्यातल्या केंद्रातही आहे. कुणीतरी जागून जे शिकलं ते पुढच्या माणसाला एकट्याने पुन्हा शिकावं लागू नये, यासाठी लिहून ठेवायचं. माझ्या लेखी कामाच्या नियमांचा अर्थ हा आहे.

यातली अडचणही सांगायला हवी. आमच्या सरांकडे अशी अनेक उपकेंद्रं होती. सकाळी ओपीडी, दुपारी बैठक, संध्याकाळी पोर्टलवर माहिती भरणं, मध्येच पोस्टमार्टम. माझी वही तपासायचा शुक्रवारचा तास त्यांच्या कोणत्याही ड्यूटीपत्रकात नव्हता. तो ते जेवणाच्या वेळेतून काढत. बाँड संपला आणि ते पुढे शिकायला गेले. त्यानंतर सहा महिने ती जागा रिकामी होती आणि तिसऱ्या रकान्याखालचा पहिला नंबर लागत नव्हता. सांगायचं ते हेच. देखरेख एखाद्या भल्या माणसाच्या स्वभावावर सोडली, तर तो माणूस बदलून जातो आणि देखरेखही त्याच्याबरोबर जाते. ती कामाच्या वेळेत धरली पाहिजे, ड्यूटीपत्रकात लिहिली पाहिजे, आणि तिच्यासाठी माणूस दिला पाहिजे. ई-संजीवनीसारखी दूरचिकित्सेची सोय चांगली आहे, मी ती रोज वापरते. पण पडद्यावरच्या डॉक्टरला माझा हात कच्चा कुठे आहे हे ठाऊक नसतं. देखरेख ओळखीतून होते.

नव्या मुली आता माझ्याकडे शिकायला येतात. मी त्यांना तोच प्रश्न विचारते, काय येत नाही ते आधी सांगा. बहुतेकींना पहिल्या दिवशी लाज वाटते. मी त्यांना माझी डिसेंबरातली रात्र सांगते, नाव-गाव वगळून, बाकी सगळी जशीच्या तशी. मग त्या बोलायला लागतात.

माझ्या कोटावर आता नाव आहे आणि त्याखाली 'सामुदायिक आरोग्य अधिकारी' असं मराठीत आणि हिंदीत भरून घेतलं आहे. दारावरच्या पाटीवर तेच. तरीही लोक 'डॉक्टरीणबाई' म्हणतात. मी दर वेळी सांगते, बाई, मी मोठी डॉक्टर नाही, मला जेवढं येतं तेवढं करते आणि बाकीचं फोनवर विचारते. मला वाटायचं, असं सांगितलं की लोकांचा विश्वास उडेल. मागे एक आजी आपल्या सुनेला म्हणाल्या, "हिच्याकडे ने पोराले. हिले नाही समजलं तर ही विचारते." मला मिळालेली ती सगळ्यात मोठी पदवी.

रुग्णालय चालवणाऱ्यांना माझी विनंती आहे. रात्रपाळीला कुणालाही ठेवा, पण त्याच्या हातात लिहिलेली हद्द द्या, भिंतीवर नाव घेऊन एक नंबर लावा, आणि त्या नंबरवर खोटा फोन आला म्हणून कुणाला कधी बोलू नका. आणि वाचणाऱ्यांनाही एक सांगणं आहे. घरच्या माणसाला घेऊन रात्री दवाखान्यात जाल, तेव्हा तपासणाऱ्याला अदबीने दोन गोष्टी विचारा : आपलं शिक्षण काय, आणि आत्ता गरज पडली तर आपण कुणाला विचारणार. त्यात अपमान काही नाही. मला 2016 च्या त्या रात्री कुणी हे विचारलं असतं, तर मी तो फोन केला असता.